दिलेली अक्षरं असलेले लांब इंग्रजी शब्द कसे शोधायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ही अक्षरं असलेला शब्द शोधा’ म्हणजे नक्की काय करायचं?

निम्मा गोंधळ या एका वाक्यातच आहे. त्याचे चार वेगवेगळे अर्थ होतात, आणि विचारणाऱ्याच्या मनात एक अन् शोधणाऱ्याच्या मनात दुसरा असेल तर रात्रभर बसूनही उत्तर जुळणार नाही. टी, ए आणि आर ही तीन अक्षरं घेऊन बघू.

पहिला अर्थ सर्वात सैल: शब्दात ही तिन्ही अक्षरं कुठेतरी असली की झालं, बाकी हवी तेवढी आणखी चालतील. ‘अरिथमेटिक’ चालतो. दुसरा अर्थ सर्वात कडक: फक्त हीच अक्षरं, प्रत्येक एकदाच. मग ‘रॅट’, ‘आर्ट’, ‘टार’ यांच्यापलीकडे फारसं काही उरत नाही. तिसरा अर्थ क्रमाचा: आधी टी, मग ए, मग आर, मध्ये दुसरी अक्षरं आली तरी हरकत नाही. इथे ‘अरिथमेटिक’ बाद होतो, कारण त्यातला ए टीच्या आधी येऊन गेलेला असतो. ‘थिएटर’ मात्र बसतो. चौथा अर्थ म्हणजे तिन्ही एकमेकांना चिकटून, त्याच क्रमाने: ‘टार्गेट’, ‘व्हेजिटेरियन’.

लांब शब्दांची मजा पहिल्या अर्थात आहे. दुसऱ्या अर्थात शब्दाची लांबी तुमच्या हातातल्या अक्षरांनी आधीच ठरवून टाकलेली असते. तेव्हा कोडं हातात आलं की आधी विचारा, ‘आणखी अक्षरं चालतील का? एक अक्षर पुन्हा वापरता येईल का?’

अक्षरं समोर असतात, पण पाच-सहा अक्षरांपुढचा शब्दच सुचत नाही. असं का होतं?

कारण आपण अख्खा शब्द आठवायला जातो. लांब इंग्रजी शब्द अख्खे आठवत नाहीत, ते जोडावे लागतात. पुढे डोकं, मध्ये धड, मागे शेपूट. शोधाची सुरुवात शेपटापासून करायची.

हातात नऊ अक्षरं आली असं समजा: ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू. फक्त हीच, प्रत्येक एकदा. नुसतं बघत बसलात तर ‘डान्स’ दिसेल, ‘नोट’ दिसेल, फार तर ‘अ‍ॅक्शन’. आता टी-आय-ओ-एन ही चार अक्षरं उचला आणि उजवीकडे ठेवा. उरली ए, सी, डी, ई, यू. पाचच अक्षरं, त्यांच्याकडे बघायला सोपं जातं. ई-डी-यू-सी-ए, आणि पुढे आधीच ठेवलेलं शेपूट: ‘एज्युकेशन’. नऊच्या नऊ अक्षरं संपली.

पण इथे थांबू नका. तीच अक्षरं पुन्हा विस्कटा आणि या वेळी ई-डी हे शेपूट बाजूला ठेवा. उरली ए, सी, आय, एन, ओ, टी, यू. या सातांतून ‘ऑक्शन’ होतो, म्हणजे ‘ऑक्शन्ड’ मिळाला. आणि त्याच सातांतून ‘कॉशन’ही होतो, म्हणजे ‘कॉशन्ड’. नऊ अक्षरांचे तीन शब्द एकाच संचातून निघाले, आणि तिन्ही आपल्याला आधीपासून माहीत होते. माहिती कमी पडत नव्हती, डोळ्यांना धरायला काही नव्हतं. शेपूट बाजूला काढलं की डोळ्यांना धरायला जागा मिळते.

कागदावर करत असाल तर अक्षरं एका ओळीत लिहू नका, गोलात लिहा. ओळीत लिहिली की ती शब्दासारखी वाचली जातात आणि मेंदू त्याच क्रमात अडकून बसतो.

कोणती शेपटं आणि डोकी लक्षात ठेवावीत?

पाठांतराची गरज नाही, वापरात येतात ती पुरतात. मागून लागणारी: आय-एन-जी, ई-डी, ई-आर, एल-वाय, टी-आय-ओ-एन, एम-ई-एन-टी, एन-ई-एस-एस, ए-बी-एल-ई, आय-टी-वाय, आय-एस-एम, आय-झेड-ई. पुढून लागणारी: यू-एन, आर-ई, डी-आय-एस, ओव्हर, अंडर, इंटर, काउंटर.

शेपटाला शेपूट जोडता येतं, आणि इथे इंग्रजी शब्द मारुतीच्या शेपटासारखा वाढायला लागतो. ‘नेशन’ सहा अक्षरांचा. ‘नॅशनल’ आठ. ‘इंटरनॅशनल’ तेरा. ‘इंटरनॅशनलाइझ’ सोळा. ‘इंटरनॅशनलायझेशन’ वीस. सॉफ्टवेअरवाल्यांनी तर कंटाळून या शब्दाचं ‘आय-१८-एन’ करून टाकलंय: पहिलं अक्षर, शेवटचं अक्षर, आणि मधली अठरा मोजून गाळलेली.

‘अनकॅरेक्टरिस्टिकली’ बघा. यू-एन, मग ‘कॅरेक्टर’, मग आय-एस-टी-आय-सी, मग ए-एल, मग एल-वाय. पाच तुकडे, वीस अक्षरं. यातला कोणताही तुकडा अवघड नाही.

शब्द कानाला ओळखीचा असतो, पण त्यात हवी ती अक्षरं आहेत हे लक्षातच येत नाही.

मराठी माणसाची ही खास अडचण आहे, आणि तिच्यामागे कारण आहे. आपली सवय देवनागरीची, जे ऐकू येतं ते लिहायचं. इंग्रजी स्पेलिंग ही सवय अजिबात पाळत नाही.

उदाहरणार्थ, के, डब्ल्यू, एल आणि जी ही चार अक्षरं असलेला शब्द हवा आहे. ‘नॉलेज’ म्हणून बघा. कानाला न, ल आणि ज ऐकू येतात. के नाही, डब्ल्यू नाही. पण स्पेलिंग लिहा: के-एन-ओ-डब्ल्यू-एल-ई-डी-जी-ई. चारही हजर! कान त्यांतल्या दोघांना गिळून बसला होता. एकदा हे धड सापडलं की पुढचं काम जोडणीचं: ‘नॉलेज’ नऊ, ‘नॉलेजेबल’ तेरा, ‘अनॲक्नॉलेज्ड’ चौदा, ‘ॲक्नॉलेजमेंट’ पंधरा, ‘नॉलेजेबलनेस’ सतरा.

म्हणून शोधताना शब्द उच्चारू नका, मनात लिहा. मुक्या अक्षरांची काही ठराविक घरं आहेत, तिथे आधी डोकावायचं. एनच्या आधी के असतो, आरच्या आधी डब्ल्यू, एसच्या आधी पी, जसा ‘सायकॉलॉजी’मध्ये. एमच्या मागे एन लपतो, जसा ‘कॉलम’ आणि ‘ऑटम’मध्ये. ‘थॉट’, ‘ब्राइट’ यांच्या पोटात जी-एच असतात. आणि ‘फ’ ऐकू आला की एफच असेल असं धरून चालू नका. पी, एच, वाय, एन ही अक्षरं मागितली तर चौदा अक्षरांचा ‘फोटोसिंथेसिस’ समोर उभा असतो, पण ‘फ’ने सुरू होतो म्हणून पी शोधणाऱ्याच्या नजरेतून सुटतो.

एकच अक्षर दोनदा दिलं असेल तर?

शब्दातही ते किमान दोनदा हवं. हा नियम हाताने शोधताना लोक विसरतात, आणि प्रोग्राम लिहिणारे तर हमखास विसरतात.

उलट बाजूने, एकच अक्षर कितीही वेळा वापरायची मुभा असेल तर सगळं गणित बदलतं. ए, ई, आय, एन, आर, एस, टी ही सात अक्षरं घ्या. प्रत्येक एकदाच वापरायचं असेल तर सातांवर गाडी थांबते: ‘नॅस्टियर’, ‘रिटेन्स’, ‘रेटिनाज’. पुन्हा वापरायची मुभा मिळाली की याच सातांतून ‘एंटरटेनर्स’ निघतो. बारा अक्षरं, आणि या सातांबाहेरचं एकही नाही.

क्यू, झेड, जे, एक्स अशी अडेलतट्टू अक्षरं आली की गाडी अडते.

उलट आनंद माना. अवघड अक्षर म्हणजे शोधाचं कुंपण. ई असलेले शब्द शोधायचे तर निम्मा शब्दकोश हाती लागतो. क्यू असलेले शोधायचे तर मूठभरच. ऑक्सफर्डच्या संक्षिप्त शब्दकोशातल्या शब्दांवर केलेल्या एका मोजणीत ई हे अक्षर क्यूच्या सुमारे ५७ पट आढळलं. म्हणून सुरुवात नेहमी सर्वात दुर्मीळ अक्षरापासून करायची आणि सोपी अक्षरं शेवटी तपासायची. बहुतेकजण नेमकं उलटं करतात.

क्यू आला की पाठोपाठ यू धरूनच चाला. अपवाद आहेत, पण लांब शब्दांत त्यांचा त्रास नाही. क्यू आणि झेड एकत्र मागितले तर: ‘क्विझ’, ‘क्वार्ट्झ’, ‘स्क्वीझ’, ‘क्विझिकल’, आणि बारा अक्षरांचा ‘ट्रँक्विलायझर’. क्यू आणि एक्स: ‘एक्स्क्विझिट’, आणि त्याला शेपूट लावून तेरा अक्षरांचा ‘एक्स्क्विझिटनेस’. क्यू आणि एफ: ‘फ्रीक्वेन्सी’, ‘इन्फ्रीक्वेंटली’. जे आणि एक्स: तेरा अक्षरांचा ‘जक्स्टापोझिशन’, हा एक लक्षात ठेवला तरी या जोडीचं बरंचसं काम भागतं. जे आणि क्यू ही जोडी मात्र खरोखर कंजूष आहे. ‘जॉनक्विल’ हे फूल आणि ‘जॅकार्ड’ हे विणकाम, एवढ्यावर समाधान मानावं लागतं.

एका शब्दात पाचही स्वर हवे असतील तर?

हा सर्वात लाडका प्रश्न, आणि वाटतो त्यापेक्षा सोपा. ‘इक्वेशन’, ‘डायलॉग’ आणि ‘युफोरिया’ आठ-आठ अक्षरांत पाचही स्वर बसवतात. ‘कॉलिफ्लॉवर’मध्येही पाचही आहेत, हे सांगितल्यावर लोक स्पेलिंग लिहून बघतात आणि हसतात. वर आलेला ‘एज्युकेशन’ही त्यातलाच.

खरी गंमत क्रमाने मागितल्यावर येते. ए, ई, आय, ओ, यू याच ओळीने, प्रत्येक एकदाच: ‘फसीशस’ आणि ‘ॲब्स्टीमियस’. दोघांच्या मागे एल-वाय जोडा, म्हणजे वायसुद्धा रांगेत शेवटी येऊन उभा राहतो. उलट्या क्रमाने यू, ओ, आय, ई, ए हवे असतील तर ‘सबकॉन्टिनेन्टल’. आणि उलट्या क्रमाच्या शेवटी वायही हवा असेल तर पंधरा अक्षरांचा ‘अनकॉम्प्लिमेंटरी’. मला हा शेवटचा शब्द सर्वात आवडतो, कारण तो रोजच्या वापरातला आहे, कोड्यासाठी खोदून काढलेला नाही.

आणि पाचांपैकी एकही स्वर नको असेल तर?

वायच्या आश्रयाला जा. ‘ऱ्हिदम’: आर-एच-वाय-टी-एच-एम. असे शब्द लांब होत नाहीत.

एकच स्वर चालणार असेल तर ‘स्ट्रेंग्थ्स’ लक्षात ठेवा. नऊ अक्षरं, त्यांत फक्त एक ई, बाकी आठ व्यंजनं.

ई टाळून लांब शब्द मिळतो का?

मिळतो, आणि चांगला मारुतीच्या शेपटाएवढा. ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ या एकोणतीस अक्षरी शब्दात एकही ई नाही. आय मात्र नऊ आहेत. अर्थ: एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. लॅटिनमधल्या ‘क्षुल्लक’ अर्थाच्या शब्दांना गंमत म्हणून एकामागोमाग जोडून तो बनवलाय.

एकही अक्षर पुन्हा न येणारा लांब शब्द कोणता?

नेहमीचं उत्तर ‘अनकॉपीराइटेबल’, पंधरा अक्षरं, पंधराही वेगळी. तुकडे पाडून बघा: यू-एन, ‘कॉपी’, ‘राइट’, ए-बी-एल-ई. त्याच्या जोडीला ‘डर्मॅटोग्लिफिक्स’, म्हणजे बोटांच्या ठशांचा अभ्यास, तोही पंधराचा. ‘ॲम्बिडेक्स्ट्रसली’ एका अक्षराने मागे पडतो.

शब्द शोधून देणाऱ्या साइटवर प्रश्नचिन्ह आणि तारा कशासाठी असतात?

प्रश्नचिन्ह म्हणजे ‘इथे कोणतंही एक अक्षर’. तारा म्हणजे ‘इथे कितीही अक्षरं, शून्यसुद्धा’. शब्दकोड्यात पाच चौकोन आहेत, तिसरा आर आणि बाकी रिकामे, तर दोन प्रश्नचिन्हं, आर, पुन्हा दोन प्रश्नचिन्हं. शब्दात जी-एच-टी चिकटून हवेत तर आधी तारा, मग ती तीन अक्षरं, मग पुन्हा तारा.

एक सावधगिरी. तारा-पद्धत क्रम पाळते. के, मग तारा, मग डब्ल्यू असं लिहिलंत तर के आधी आणि डब्ल्यू नंतर असलेलेच शब्द येतील. ‘वर्क’ येणार नाही. क्रमाशी देणंघेणं नसेल तर ‘ही अक्षरं असलेले’ असा वेगळा रकाना असतो, तो वापरा. ‘या साइटवर शब्द कमी दाखवतात’ अशा बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी चुकीचा रकानाच असतो.

संगणक इतक्या झटपट कसे शोधतो? तो अक्षरांच्या सगळ्या जुळण्या करून बघतो का?

तसं करणारा प्रोग्राम असतो, पण तो शहाणा नसतो. नऊ वेगळ्या अक्षरांच्या जुळण्या होतात ३,६२,८८०, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या निरर्थक.

शहाणा प्रोग्राम शब्दकोशालाच आधी नीट रचून ठेवतो. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावायची आणि ती मांडणी त्या शब्दाची किल्ली समजायची. ‘लिसन’ची किल्ली होते ई-आय-एल-एन-एस-टी. ‘सायलेंट’चीही तीच. ‘टिन्सेल’, ‘एनलिस्ट’, ‘इनलेट्स’ यांचीही तीच. सगळे एकाच खणात जाऊन पडतात. तुम्ही अक्षरं दिलीत की प्रोग्राम ती वर्णक्रमाने लावतो आणि थेट तो खण उघडतो. काही अक्षरं वगळून लहान शब्दही हवे असतील, तर नऊ अक्षरांतून कमी-जास्त उचलून ५११ गट होतात. ५११ खण उघडणं आणि साडेतीन लाख जुळण्या तपासणं यातला फरक सांगायला नको.

‘किमान ही अक्षरं असलेले’ शब्द शोधायची युक्ती वेगळी आहे. प्रत्येक शब्दासाठी सव्वीस दिव्यांची एक माळ कल्पा. शब्दात ए असेल तर पहिला दिवा पेटलेला, बी असेल तर दुसरा, असं झेडपर्यंत. मागितलेल्या अक्षरांचीही अशीच माळ करायची आणि तिच्यातले पेटलेले सगळे दिवे शब्दाच्या माळेतही पेटलेले आहेत का, एवढंच बघायचं. संगणकाच्या दृष्टीने अख्खी माळ म्हणजे एक संख्या, आणि ही तपासणी म्हणजे एका पायरीचं काम. अडचण एकच: दिवा एकदाच पेटतो, दोनदा पेटत नाही. दोन ओ मागितले तर माळेला ते कळत नाही. तिथे मोजणीच करावी लागते.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठी आणखी एक युक्ती. प्रत्येक अक्षराला एकेक मूळ संख्या द्यायची: एला २, बीला ३, सीला ५, असं करत झेडला १०१. शब्दाच्या अक्षरांचा गुणाकार करून ठेवायचा. मागितलेल्या अक्षरांच्या गुणाकाराने शब्दाच्या गुणाकाराला निःशेष भाग गेला की शब्द पास. इथे दोन ओसुद्धा बरोबर सांभाळले जातात. दिसायला देखणी, पण लांब शब्दांचे गुणाकार इतके मोठे होतात की साध्या संख्येच्या खणात मावत नाहीत. आपल्याला लांबच शब्द हवे आहेत, त्यामुळे मी ती वापरत नाही.

स्वतःचा छोटा प्रोग्राम लिहायचा आहे. कुठे ठेच लागते?

मला लागलेल्या सांगतो. पहिल्यांदा लिहिला तेव्हा प्रत्येक शब्दाची लांबी एकने जास्त येत होती. ‘ऱ्हिदम’ सात अक्षरांचा! अख्खी संध्याकाळ मोजणीची ओळ उलटीपालटी करून पाहिली, चूक तिथे नव्हतीच. शब्दयादीची फाइल विंडोजवर साठवलेली होती, आणि तिथे प्रत्येक ओळीच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारं एक जादा चिन्ह असतं. ते शब्दात धरलं जात होतं. ओळ वाचल्याबरोबर तिच्या दोन्ही टोकांचं रिकामं छाटून टाका.

दुसरी ठेच मोठ्या-लहान लिपीची. यादीत काही शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतात आणि संगणकाला मोठा ए आणि लहान ए ही दोन वेगळी अक्षरं वाटतात. सगळं आधी लहान करून घ्या. तिसरी ठेच वर आलीच आहे: अक्षरं ‘सेट’मध्ये, म्हणजे प्रत्येक गोष्ट एकदाच ठेवणाऱ्या साठ्यात, भरलीत की दुहेरी अक्षरांतलं एक गुपचूप नाहीसं होतं. ‘बुककीपर’मध्ये ओ दोन, के दोन आणि ई तीन आहेत, ‘सेट’ला तिथे सहाच अक्षरं दिसतात.

प्रोग्राम लिहायचाच नसेल तरी चालतं. यादीतून आधी क्यू असलेल्या ओळी निवडून घ्या, त्यातून झेड असलेल्या, आणि हाती आलेल्या लांबीप्रमाणे लावा. चाळणीवर चाळणी. कोणत्याही बऱ्या टेक्स्ट एडिटरमध्ये किंवा स्प्रेडशीटमध्ये हे होतं.

शब्दयादी कोणती घ्यावी?

कशासाठी हवी यावर अवलंबून आहे. युनिक्स घराण्यातल्या (लिनक्स, मॅक वगैरे) बऱ्याच संगणकांवर एक यादी आयती असते. तिचं एक जुनं आणि प्रसिद्ध रूप वेबस्टरच्या १९३४ सालच्या शब्दकोशावरून केलेलं आहे, सुमारे २ लाख ३५ हजार शब्दांचं. फुकट आणि भरघोस, पण तिच्यात दोन खोडी आहेत. १९३४ नंतर जन्मलेले शब्द त्यात नाहीत. आणि अनेकवचनं, ई-डी आणि आय-एन-जी लागलेली रूपं बहुतांशी गाळलेली आहेत. म्हणजे त्या यादीत ‘एज्युकेशन’ हमखास मिळेल, ‘ऑक्शन्ड’ची खात्री नाही.

स्क्रॅबल, म्हणजे पटावर अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द लावायचा खेळ, खेळणाऱ्यांच्या याद्या याच्या उलट: प्रत्येक रूप वेगळं नोंदलेलं. कॉलिन्सच्या २०१९ च्या यादीत २,७९,४९६ शब्द आहेत. पण स्क्रॅबलचा पट पंधरा बाय पंधराचा, त्यामुळे ती यादी पंधरा अक्षरांवर थांबते. सतरा अक्षरांचा ‘नॉलेजेबलनेस’ तिच्यात शोधत बसू नका.

दोन साइट एकाच अक्षरांसाठी वेगवेगळी ‘सर्वात लांब’ उत्तरं का देतात?

यादी वेगळी, म्हणून उत्तर वेगळं. त्यात ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगची भर. ‘ॲक्नॉलेजमेंट’ ब्रिटिश पद्धतीने पंधरा अक्षरांचा, अमेरिकन पद्धतीने मधला ई गळून चौदाचा. ‘ट्रँक्विलायझर’चं तर त्याहून वाईट: झेडऐवजी एस लिहिणाऱ्यांच्या स्पेलिंगमध्ये झेडच उरत नाही, म्हणजे क्यू-झेडच्या शोधातून तो साफ गायब. त्यामुळे ‘सर्वात लांब’ असं म्हणताना ‘या यादीनुसार’ हे दोन शब्द आधी लावावेत.

मग इंग्रजीतला सर्वात लांब शब्द कोणता?

मोठ्या शब्दकोशांत छापलेल्यांपैकी पंचेचाळीस अक्षरांचा ‘न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस’, धुळीच्या बारीक कणांमुळे होणारा फुप्फुसाचा रोग. खरं सांगायचं तर हा शब्द रोगासाठी जन्मलाच नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या कोडेवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी, एव्हरेट स्मिथ यांनी, सर्वात लांब शब्द व्हावा म्हणूनच तो घडवला. त्यापेक्षा ‘अँटिडिसइस्टॅब्लिशमेंटॅरियनिझम’ प्रामाणिक वाटतो: अठ्ठावीस अक्षरं, ‘इस्टॅब्लिश’ला पुढून दोन आणि मागून तीन तुकडे, आणि एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या खऱ्या वादाशी नातं. चर्चचा राजमान्य दर्जा काढून घ्यायला विरोध, असा त्याचा अर्थ.

रसायनांची नावं यात धरू नका. टिटिन या प्रथिनाचं पूर्ण रासायनिक नाव १,८९,८१९ अक्षरांचं होतं म्हणे, पण ते नाव कमी आणि सूत्र जास्त.

कोणत्या खेळांत हे कामाला येतं?

‘काउंटडाउन’ या ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमात तर हेच मुख्य काम: नऊ अक्षरं, तीस सेकंद, सर्वात लांब शब्द. तो १९८२ पासून चालू आहे, आणि त्याचं मूळ १९६५ च्या एका फ्रेंच कार्यक्रमात, ज्याच्या नावाचा अर्थच ‘सर्वात लांब शब्द’ असा होता. शेपटाची युक्ती तिथे सोन्यासारखी चालते.

‘स्पेलिंग बी’ या न्यूयॉर्क टाइम्सच्या कोड्यात सात अक्षरं असतात, मधलं सक्तीचं, आणि अक्षरं पुन्हा वापरता येतात. म्हणजे ‘एंटरटेनर्स’वाला प्रकार. सातही अक्षरं वापरणारा शब्द सापडला की सात गुण जादा.

स्क्रॅबलमध्ये लांबीपेक्षा हातातल्या सातही सोंगट्या एकदम लावणं महत्त्वाचं; त्याचे पन्नास गुण जादा मिळतात. आल्फ्रेड बट्स या आर्किटेक्टने १९३८ मध्ये हा खेळ बेतताना वर्तमानपत्रातली अक्षरं मोजली होती. म्हणून ईच्या बारा सोंगट्या एकेका गुणाच्या, आणि क्यू व झेडची एकेकच, दहा-दहा गुणांची. इथे पक्के खेळाडू शब्दांपेक्षा सांगाडे पाठ करतात. ‘रेटिना’ची सहा अक्षरं हातात असली की सातवं बऱ्याचदा जुळतं: सी आला तर ‘सर्टन’, डी आला तर ‘ट्रेन्ड’, जी आला तर ‘ग्रॅनाइट’, के आला तर ‘केराटिन’, पी आला तर ‘पेंटर’.

खेळताना साइटची मदत घेणं म्हणजे फसवणूक का?

समोर माणूस खेळत असेल तर हो. एकटेच कोडं सोडवत असाल तर तुमचं तुम्ही ठरवा. माझा नियम असा: आधी दहा मिनिटं कागद, मग साइट, आणि साइटने दिलेला शब्द आपल्याला माहीत असूनही का सुचला नाही, ते शोधायचं. बहुतेक वेळा शेपूट बघायचं राहिलेलं असतं, नाहीतर मुकं अक्षर.

सापडलेला शब्द बरोबर आहे हे कसं तपासू?

मागितलेली अक्षरं कागदावर लिहा आणि शब्दाचं एकेक अक्षर वाचत त्यावर काट मारा. शब्द शेवटून वाचा. सुरुवातीकडून वाचला की डोळा ओळखीने पुढे सरकतो आणि दुहेरी अक्षर एकदाच मोजतो. मग शब्दकोशात बघा. शेपूट जोडता येतं म्हणून शब्द होतोच असं नाही.

आठ अक्षरं दिली होती. मी ‘ट्रँगल’ लिहिला, समोरच्याने ‘इंटिग्रल’. जास्त लांब कोणता?

दोन्ही आठ, आणि अक्षरं तीच, नुसती जागा बदललेली. त्याच अक्षरांतून ‘रिलेटिंग’, ‘ऑल्टरिंग’ आणि ‘अलर्टिंग’ही निघतात. आय-एन-जी बाजूला ठेवली असती तर हे तिन्ही तुम्हाला ‘ट्रँगल’च्या आधी दिसले असते.